मागची डावी सीट

१

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहा चाळीसला मी गॅरेजचं शटर वर करते. आधी गाडीभोवती एक फेरी. चारही टायरांकडे बघायचं, एखादा बसलाय का. वाकून फरशीवर तेलाचा किंवा पाण्याचा डाग पडलाय का ते बघायचं. सोमवार असेल तर बॉनेट उघडून कूलंट, ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइलची पट्टीही. मग आत बसून सीट, मग तिन्ही आरसे, मग पट्टा, आणि सगळ्यात शेवटी किल्ली. मला गाडी शिकवणाऱ्या बाईंनी हा क्रम माझ्याकडून अक्षरशः घोटून घेतलाय. "काकू, गाडी सुरू करणं हे शेवटचं काम," त्या म्हणायच्या. "लोक ते पहिलं करतात."

सहा पन्नासला माझी मोठी बहीण तिच्या फाटकाशी उभी असते. ताई सदुसष्ट वर्षांची आहे. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, म्हणून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार तास मशीनवर पडून राहायचं आणि दुपारी धुतलेल्या कपड्यासारखं लोळागोळा होऊन घरी यायचं. तरी तिचं तोंड चालू असतं. गाडीत बसताना ती रोज म्हणते, "चला, गाडी सर्व्हिसिंगला सोडा." गाडी म्हणजे ती स्वतः.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, आमचे हे गेल्यानंतर. त्याआधी मला फक्त बसता येत होतं. तेही मागे, डावीकडे. पुढच्या सीटवर यांची ऑफिसची बॅग असायची आणि तिला धक्का लागलेला यांना चालायचा नाही. बावीस वर्षांत तीन गाड्या झाल्या. यांच्या बढत्या झाल्या, बॅग बदलली, माझी जागा तीच राहिली. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. मला वाटायचं, असतं एकेका घराचं.

हे गेले तेव्हा मुलाने परगावाहून फोनवर सांगितलं, "आई, गाडी विकून टाक. टॅक्सी आहेत की." काही महिने टॅक्सीवर काढलेही. मग एका आठवड्यात टॅक्सीवाल्यांनी दोनदा आयत्या वेळी नाही म्हटलं. ताईची दोन डायलिसिस बुडाली, तिच्या फुप्फुसात पाणी झालं आणि ती चार दिवस अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडली होती. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मुलगा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "मग काय पुढच्या जन्मी?"

त्याला आता अकरा महिने होतील. ताईचं एकही डायलिसिस बुडलेलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून माणसं मला विचारतात की गाडी अजून का ठेवलीय.

२

पहिल्यांदा लक्षात आलं तो सोमवार होता. मी सीटवर बसले, पट्ट्याकडे हात नेता नेता आतल्या आरशात पाहिलं, तर मागची काच नव्हती. मागच्या सीटचा डावा कोपरा होता. सीटची पाठ, तिच्या वरची उशी, खिडकीचा तुकडा.

काच पुसताना धक्का लागला असेल, म्हणून मी आरसा नीट केला आणि निघाले.

बुधवारी पुन्हा तेच. मी रविवारी काच पुसली होती, मंगळवारी नव्हती. तरी मी मनात म्हटलं, उतरताना डोकं लागलं असेल. शुक्रवारी उतरताना मुद्दाम मान वाकवून, चोरासारखी उतरले. पुढच्या सोमवारी आरसा त्याच कोपऱ्यात बघत होता.

त्या घरात मी एकटी राहते. गॅरेजच्या शटरला कुलूप, गाडीला कुलूप, दोन्ही किल्ल्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. दुसरा किल्ल्यांचा जोड कपाटात. मी भित्री नाही, पण पद्धतशीर आहे. आरसा जिथे काचेला जोडलेला असतो तिथे एक गोळा असतो आणि तो गोळा वळतो. मी आरसा नीट लावला आणि त्या गोळ्यावर आणि त्याच्या खोबणीवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक आडवी रेघ ओढली. आरसा हलला तर रेघ तुटेल.

बुधवारी रेघ तुटलेली होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर.

गाडी फिटरकडे नेली. हा फिटर चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय आणि त्याला गाडीपेक्षा माणसांच्या तक्रारींची जास्त गंमत वाटते. त्याने आरसा धरून हलवून पाहिला. एका हाताने हलेना. दुसरा हात लावला तेव्हा करकर आवाज करत वळला.

"मावशी, हा ढिला नाही. उलट घट्ट आहे."

"मग वळतो कसा?"

"कुणीतरी वळवतंय."

"घरात मी एकटीच असते."

"मग तुम्हीच वळवताय," तो हसत म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं आणि नवीन आरसा बसवून दिला. जुना मी मागून घेतला, घरी आणून कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. का, ते सांगता येणार नाही. फिटरच्या भंगारात तो कुठल्या तरी दुसऱ्या गाडीला लागला असता, एवढंच मनात आलं.

नवीन आरसा तीन दिवस शहाण्यासारखा राहिला. चौथ्या सकाळी तो डाव्या कोपऱ्याकडे बघत होता.

त्या दिवशी मी गॅरेजमध्ये उभी राहून मोठ्याने बोलले. आमचे हे गाडी चालवताना आरसा तसाच ठेवायचे. मागची गाडी दिसण्यापेक्षा मागे बसलेली मी काय करतेय ते त्यांना दिसलेलं बरं वाटायचं. म्हणून मी त्यांच्याशीच बोलले. "ऐका," मी म्हटलं, "गाडीचे कागद माझ्या नावावर झालेत. विमा मी भरलाय. मागे आता कुणी बसत नाही, तेव्हा तिकडे बघण्यासारखं काही नाही." आणि आरसा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. गॅरेजमध्ये माझा आवाज जरा जास्तच घुमला. पण बरं वाटलं. बावीस वर्षांत त्यांना मी इतकी लांबलचक वाक्यं ऐकवली नव्हती.

३

मग आवाज सुरू झाला.

गाडीच्या प्रत्येक खिडकीच्या वर एक हँडल असतं, वळणावर धरायला. त्याला स्प्रिंग असते. धरलं की खाली येतं, सोडलं की छताला जाऊन चिकटतं. चिकटताना आवाज होतो. टप. फार बारीक असतो, रेडिओ मोठ्याने लावलेला असेल तर कळतही नाही.

मी आणि ताई हॉस्पिटलला निघालो होतो. शाळेजवळचं वळण घेतलं, गाडी सरळ झाली, आणि मागून आलं, टप.

मी रेडिओ बंद केला. पुढचं वळण बाजाराजवळचं. मी वळले, गाडी सरळ केली. टप.

"रेडिओ बंद का केलास?" ताईने विचारलं.

"डोकं दुखतंय."

"मग लाव की. माझं दुखतं तेव्हा मी लावते." पण तिने लावला नाही. तिला माझं खोटं लहानपणापासून ओळखता येतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सारखं मागे काय बघतेस आरशात? कुणी मागावर आहे का?"

"मागच्या गाड्या बघायच्या असतात. बाईंनी शिकवलंय, दर आठ-दहा सेकंदांनी."

"आठ सेकंदांत मी चारदा पाहिलं तुला बघताना."

ताईला आत सोडून मी पार्किंगमध्ये आले आणि चारही हँडलं तपासली. पुढची दोन नीट होती, मागचं उजवंही. मागच्या डाव्या हँडलाची स्प्रिंग मी दहा वेळा ओढून सोडली. व्यवस्थित होती. आपोआप खाली येण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. रस्त्याच्या खड्ड्याने वाजत असेल म्हणून मी येताना मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घातली. ताई म्हणाली, "माझं रक्त आत्ताच धुऊन आणलंय, घुसळू नकोस." खड्ड्यांत आवाज झाला नाही. वळणांवरच झाला. आणि वळणाच्या मध्ये कधीच नाही. वळण संपलं, गाडी सरळ झाली, म्हणजे धरून बसण्याची गरज संपली की मग.

मी तो आवाज ओळखत होते. या गाडीत तो माझ्याशिवाय कुणीच केलेला नव्हता.

चष्म्याच्या दुकानात जाऊन मी डोळे तपासून घेतले. नंबर तोच निघाला. मग फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन कान. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, या वयात असे कान म्हणजे नशीबच. मी पायऱ्या उतरताना विचार करत होते की एखादी गोष्ट तरी बिघडलेली निघायला हवी होती.

४

शेवटी मी शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या पन्नाशीच्या आहेत, ठेंगण्या, आवाज खणखणीत. शिकवताना पहिल्याच दिवशी मी क्लच सोडून गाडी बंद पाडली तेव्हा मी "सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "सॉरी कुणाला? गाडीला? तिला काही वाटत नाही. परत सुरू करा." त्या एका वाक्यावर मी शिकले असं मला वाटतं.

त्या गुरुवारी दुपारी आल्या. बुधवारी परत आल्यापासून मी गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. शटर उघडलं. आरसा वळलेला होता. मी त्याला हात लावला नाही आणि त्यांना सगळं सांगितलं. रेघेचं, फिटरचं, हँडलाचं. यांचं सांगताना मात्र जरा अडखळले.

बाईंनी ते सगळं एखाद्या गाडीचा खरखराट ऐकावा तसं मान तिरकी करून ऐकलं. "तुम्हाला वाटतं, साहेब आरसा वळवतात. मागच्या सीटकडे बघायला."

"मला काहीच वाटत नाही. आरसा वळतो, एवढंच म्हणतेय."

"बसा चालवायला. तुमच्या नेहमीच्या जागेवर, नेहमीसारख्या. आरशाला हात लावू नका."

मी बसले. त्या मागचं दार उघडून डावीकडे बसल्या. दार लावून घेतलं. गॅरेजमध्ये गाडीची दारं लागली की एकदम कानात कापूस घातल्यासारखं होतं.

"आता आरशात बघा. काय दिसतं?"

"तुम्ही."

"माझं काय?"

मी पाहिलं. "डोळे."

"मलाही तुमचे डोळे दिसतात. फक्त डोळे. बरोबर मधोमध." त्यांनी माझ्या डोक्यापासून छतापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. "साहेब उंच होते ना?"

"माझ्यापेक्षा वीतभर."

"मग त्यांच्या उंचीवरून या आरशात मागे बसलेल्याचा चेहरा दिसणार नाही. गुडघे दिसतील." त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. "काकू, आरसा दोन्हीकडून चालतो. तुम्ही ज्याला बघू शकता, तो तुम्हाला बघू शकतो. हा आरसा चालवणाऱ्याने लावलेला नाही. इथे बसणाऱ्याने लावलाय. त्याला तुमचे डोळे दिसावेत म्हणून."

मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला ते दिसलं. बोलता बोलता त्यांनी सहज हात वर नेऊन खिडकीवरचं हँडल धरलं. आणि लगेच सोडलं. टप. त्यांनी आपला तळवा पाहिला, कुर्त्याला पुसला, आणि दार उघडून बाहेर आल्या. मीही उतरले.

"काय झालं?"

"ओलं आहे ते."

"गळतं की काय कुठून?"

"पाणी नाही. कोमट आहे. कुणीतरी बराच वेळ घट्ट धरून ठेवलं की होतं तसं." त्या गॅरेजच्या दारात उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून ट्रक अंगावर येताना पाहिलेली बाई. "विका ही गाडी," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दुसरी बघून देते. चांगली, कमी चाललेली."

"आणि ही ज्याला विकीन तो?"

त्यांनी तळवा पुन्हा एकदा कुर्त्याला पुसला.

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसले. चहा केला आणि तो तसाच राहिला. डोळे दिसावेत म्हणून. मला माहीत होतं कशासाठी. बावीस वर्षं मागे बसून मी एकच गोष्ट बघत आले होते, आरशातले यांचे डोळे. बोलण्याआधी बघायचे. भुवया कशा आहेत, नजर रस्त्यावर आहे की कुठे. त्यावरून ठरवायचं की आत्ता बोललं तर चालेल का. बहुतेक वेळा चालत नसे. मग हँडल धरून गप्प बसायचं.

५

संध्याकाळी मुलाचा फोन आला. बाईंनीच त्याला कळवलं होतं. त्याचा नंबर त्यांच्याकडे फॉर्मवर होता, अडीअडचणीला म्हणून.

"आई, शनिवारी एक जण गाडी बघायला येईल. मी बोललोय."

"तू कशाला बोललास? गाडी माझी आहे."

"तुला भास होतायत."

"बाईंच्या हाताला ओल लागली तोही भास का?"

 मग तो जे बोलला ते मला लागलं, कारण ते खरं होतं. "समजा भास नाहीत. तरी तू आरशाकडे बघत असणार, रस्त्याकडे नाही. आणि शेजारी मावशी असते. तिला काही झालं तर?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मला वाटत होतं की घाबरायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे. मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. भिंतीपलीकडून काही आवाज येत नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला माझाच राग आला.

मी वही घेतली आणि नियम लिहिला. आरसा चालत्या गाडीत वळला तर त्याच्याकडे बघायचं नाही. बाहेरच्या दोन आरशांवर गाडी चालवायची. जागा मिळताच बाजूला घेऊन थांबायचं. ताईला काही कळू द्यायचं नाही. खाली सही केली, कुणाला दाखवायची होती कोण जाणे.

मग मुलाला निरोप पाठवला, शनिवारच्या माणसाला नको म्हणून सांग.

६

शुक्रवारी मशीनवरून उतरल्यावर ताईचं बीपी खाली गेलं. नर्सने तिला अर्धा तास पाय वर करून झोपवलं. निघायला बारा वाजले. मी तिची सीट मागे कलती केली, पट्टा लावला, अंगावर शाल घातली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "सर्व्हिसिंग झालं. बिल मालकाला पाठवा." आणि झोपली.

ऊन स्वच्छ होतं. रस्त्यावर नेहमीची दुपारची गर्दी. हॉस्पिटलहून येताना एक मोठा पूल लागतो आणि तो उतरताना रस्ता गोल वळत खाली येतो. तिथे चाळीसची पाटी आहे. मी तिसऱ्या गिअरमध्ये, बरोबर चाळीसवर होते. मागे एक ट्रक होता आणि त्याला घाई होती. त्याने दिवे मारले, मग हॉर्न. मी वेग वाढवला नाही. उतारावर आणि वळणावर मागच्याच्या घाईने गाडी चालवायची नसते.

वळण सुरू झालं आणि डोक्याच्या वर डावीकडे करकर आवाज झाला.

आरसा वळत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, पण डोळ्याच्या कडेला उजेड हलताना कळतं. मागच्या काचेचा पांढरा चौकोन सरकत गेला, मग छताचा करडा रंग आला, मग तो खाली आला आणि थांबला. ट्रक आरशातून नाहीसा झाला. त्याचा हॉर्न तेवढा राहिला, आणि तो जवळ आल्यासारखा वाटला.

मी उजव्या बाहेरच्या आरशात पाहिलं. ट्रकचा बंपर. डाव्या आरशात पाहिलं. कठडा. बाईंचं वाक्य आठवलं, आतला आरसा नसला म्हणून गाडी थांबत नाही, ट्रकवाल्याला कुठे असतो? दोन्ही हात चाकावर नीट होते. तळव्यांना घाम होता, पण हात हलत नव्हते. हे मी त्या क्षणीही पाहिलं आणि मला त्याचं बरं वाटलं.

तेवढ्यात ताई बोलली. डोळे मिटलेले, जीभ जड.

"मागे कोण बसलंय त्यांना सांग गं. पाठीला पाय लावू नका म्हणावं."

मी चाक धरून वळण घेत राहिले.

"किती जोरात लावतायत," ताई म्हणाली आणि मान वळवून पुन्हा झोपली.

मागे बसणारं माणूस घाबरलं की पायाने ब्रेक दाबतं. ब्रेक नसतोच तिथे. पुढच्या सीटची पाठ असते.

वळण अर्ध्यावर आलं होतं. आणि मी नियम मोडला. वेगाच्या काट्याकडे बघतो तितकाच वेळ मी आरशात पाहिलं.

मी त्यांना बघायची तयारी केली होती. ते नव्हते. हँडलाला धरलेली एक मूठ होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. खाली करड्या स्वेटरची बाही, मनगटाशी उसवलेली, आणि उसवलेली जागा निळ्या धाग्याने शिवलेली. तो निळा धागा मी ओळखला, स्वेटर माझाच होता. करडा मिळाला नव्हता त्या दिवशी. आणि मुठीच्या वर, आरशाच्या बरोबर मधोमध, माझ्याकडे बघणारे डोळे होते. आत्ता बोललं तर चालेल का, ते बघणारे.

याच्यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं.

मी नजर रस्त्यावर आणली. ब्रेकला हळू पाय लावला, डावा इंडिकेटर दिला, आणि वळण उतरल्यावर जिथे बिघडलेल्या गाड्यांसाठी रुंद जागा ठेवली आहे तिथे गाडी बाजूला घेतली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मी हँडब्रेक ओढला. चारही इंडिकेटर लावले. मागून टप असा आवाज आला.

मी उतरले. बाहेरच्या आरशात पाहून उतरले, तेही सांगते. गाडीला वळसा घालून मागचं डावं दार उघडलं. सीट रिकामी होती. मध्यभागी थोडी दबलेली, आणि मी बघत असताना ती हळूहळू वर आली नाही. दबलेलीच राहिली.

रस्त्याने गाड्या जात होत्या. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, एक म्हातारी बाई रिकाम्या सीटला दटावतेय.

"बसायचं असेल तर बस," मी म्हटलं. "मी उतर म्हणणार नाही. मला कुणी म्हटलं नव्हतं, बसून राहिले होते. पण ही गाडी मी चालवते. आरशाला हात लावायचा नाही, मला मागचा रस्ता बघायचा असतो. ताईच्या पाठीला पाय लावायचा नाही, ती आजारी आहे. आणि माझे डोळे बघायची गरज नाही. त्यात काही नाही. मी रस्त्याकडे बघत असते." मी दाराच्या कडेवर हात ठेवला. "पट्टा लाव," मी म्हटलं, आणि दार लावलं. जोरात नाही. दार लागेल इतकंच.

पुढे येऊन बसले. आरसा सरळ केला. मागची काच आली, पुलाचा उतार आला, येणाऱ्या गाड्या आल्या. माझा पट्टा लावला. किल्ली फिरवली.

मागे खट असा आवाज झाला. डॅशबोर्डवर मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या तीन छोट्या आकृत्या उमटल्या, गाडी सुरू झाली की मिनिटभर उमटतात त्या. दोन पांढऱ्या होत्या. डावीकडची हिरवी झाली.

माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मी ते खाली बसायची वाट पाहिली नाही. इंडिकेटर दिला, आरसे पाहिले, मान वळवून खांद्यावरून पाहिलं, आणि रस्त्याला लागले.

ताईने डोळे उघडले. "थांबलो होतो का आपण?"

"थोडा वेळ."

"कुणाशी बोलत होतीस?"

"झोप तू. वीस मिनिटांत घरी पोचू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शाल गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "सोमवारी येशील ना?"

"सहा पन्नासला," मी म्हटलं.

पुढे रस्ता आणखी एकदा वळतो. त्या वळणाच्या तोंडाशी माझ्या मागे कुणीतरी श्वास आत घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. मागच्या डाव्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या माणसाचा ऐकू यावा त्यापेक्षा तो फार जवळून आला, माझ्या कानाशी. मी चाळीसवर होते. चाळीसवरच राहिले.